जिवंत तारेने वाघ मेला: फोन आल्यापासून कोर्टापर्यंत वनरक्षकाने काय करायचं, कोणत्या क्रमाने

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगतच्या शेतात वाघ मरून पडलाय असा फोन आला, की पुढचा प्रकार ठरलेला असतो. जो तो धावत सुटतो. कोणीतरी तार गुंडाळून बांधावर ठेवतो, दहा-बारा मोबाईल बाहेर निघतात, आणि पंचनामा संध्याकाळी विश्रामगृहावर पंख्याखाली बसून लिहिला जातो. पुढे खटला उभा राहतो तेव्हा आरोपीचा वकील तीनच गोष्टी विचारतो. तार कोणी काढली? किती वाजता काढली? त्या वेळी पंच कुठे होते? उत्तरं जुळत नाहीत आणि आरोपी सुटतो.

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या पट्ट्यात रानडुकरांसाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेने वाघ मरण्याचे प्रकार होत राहतात, म्हणून इथे उदाहरण त्याचंच घेतलं आहे. फासा, विष किंवा बंदूक असेल तरी दुसऱ्या टप्प्यापासून पुढे बहुतेक सगळं हेच लागू आहे. पहिला टप्पा मात्र फक्त विजेचा आहे, आणि तो चुकला तर पुढचे टप्पे करायला तुम्ही उरणार नाही.

## आधीची तयारी: पेटी आणि नंबर

घटना घडल्यावर सामान गोळा करायला लागलात की दोन तास गेलेच. संरक्षण कुटीत, म्हणजे जंगलातल्या वनरक्षकांच्या चौकीत, एक पत्र्याची पेटी कायम भरलेली हवी. तिच्यात ३० मीटरची टेप, अडवायची फीत किंवा साधी सुतळी, नंबर लिहिलेले पुठ्ठे, फोटोत ठेवायची मोजपट्टी, रबरी हातमोजे, कागदी पाकिटं, कापडी पिशव्या, सुई-दोरा, लाख, मेणबत्ती, पितळी मोहोर, न पुसणारं मार्कर, कोरे कागद, कार्बन, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक ठेवा. पीओआरचं, म्हणजे प्राथमिक वनगुन्हा अहवालाचं, पुस्तक आरएफओच्या (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या) कपाटात कुलूपबंद असतं असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते क्षेत्र सहाय्यकाकडे असलं पाहिजे.

कागदी पाकिटांचा आग्रह उगाच नाही. रक्ताळलेले केस किंवा माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आत घाम धरतो, दोन दिवसांत बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. प्लास्टिक फक्त तार आणि खुंट्यांसारख्या कोरड्या वस्तूंना चालेल.

नंबरांचं तसंच. तुमच्या नियतक्षेत्राला (बीटला) लागून कोणता कृषी फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, जातो, तो कोणत्या उपकेंद्रातून निघतो, तिथल्या ऑपरेटरचा आणि गावच्या लाईनमनचा नंबर काय, हे कुटीच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. सोबत पशुधन विकास अधिकारी, पोलीस ठाणे, पोलीस पाटील आणि मानद वन्यजीव रक्षक यांचेही नंबर ठेवा. गावकऱ्यांना वन विभागाची १९२६ ही हेल्पलाईन माहीत असते, पण तिच्यावरून फिरून आलेली बातमी तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. गावात तुमचा स्वतःचा नंबर फिरता ठेवा.

तपासा: पितळी मोहोर खरंच पेटीत आहे का? तिच्यावरची अक्षरं झिजलेली नाहीत ना?

## टप्पा १: आधी वीज

वाघ दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. तिथेच थांबा. तार कुठून कुठे गेली आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही. गुडघ्याच्या खाली, गवतात, बांबूच्या खुंट्यांवरून किंवा काचेच्या बाटल्यांच्या गळ्यातून ओढलेली बारीक तार दहा पावलांवरूनही दिसत नाही.

ती चालू आहे असंच धरून चाला. आकडा घरगुती लाईनवर टाकलेला असो की थेट अकरा केव्हीवर, मरायला दोन्ही पुरेसे आहेत. अकरा केव्हीच्या बाबतीत तारेला हात लावायचीही गरज नाही. तार जिथे जमिनीला टेकली असेल तिथून वीज मातीत पसरते, आणि तुमच्या दोन पायांतल्या अंतरामुळे ती एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरते. ओल्या धानाच्या बांधीत हा धोका आणखी वाढतो. तारेपासून किमान दहा मीटर लांब राहा. नकळत जवळ गेलाच असाल आणि पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पळू नका, मोठी पावलं टाकू नका. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून घासत, छोट्या छोट्या सरकतीने मागे या.

गमबूट घातलेत म्हणून वाचाल हा भ्रम सोडा. बाजारातला साधा गमबूट अकरा केव्हीसाठी बनवलेला नसतो. ओल्या बांबूने तार बाजूला सारणं हीसुद्धा आत्महत्याच.

आता उपकेंद्राला फोन करा. फीडर बंद करायला सांगा आणि फोन केल्याची वेळ डायरीत लिहा. ‘बंद केला’ हे ऑपरेटरचं तोंडी उत्तर मिळालं म्हणून पुढे सरकू नका. फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की ऑपरेटर थोड्या वेळाने पुन्हा चालू करून पाहतो, त्याला ते ‘ट्रायल घेणं’ म्हणतात. दुसऱ्या पाळीचा माणूस आला आणि त्याला तुमचा फोन कळलाच नाही, तर तुम्ही तारेवर वाकलेले असताना ट्रायल पडेल. लाईनमन स्वतः जागेवर यावा, त्याने डिस्चार्ज रॉडने तपासून अर्थिंग करावं, आणि त्याने सांगितल्यावरच जवळ जायचं. शेतीपंपांची थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी आलटून-पालटून दिवसा आणि रात्री सोडतात. सकाळी मेलेली तार संध्याकाळी जिवंत होऊ शकते, हे काम लांबलं की विसरायला होतं.

याच ठिकाणी एक पुरावा बहुतेकांच्या हातून निसटतो. वाघ चिकटला, लाईन जमिनीला शॉर्ट झाली, की अनेकदा फीडर ट्रिप होतो आणि उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये त्याची वेळ पडते. रात्री दोन वाजून बारा मिनिटांची ती एक ओळ मृत्यूची वेळ सांगणारी, तुमच्या विभागाबाहेरची, कोणीही खोडून काढू न शकणारी साक्ष असते. त्या पानाचा फोटो त्याच दिवशी घ्या आणि प्रमाणित प्रतीसाठी महावितरणला लेखी पत्र द्या.

सावध: आसपास दुसरा वाघ आहे का? बछडे असलेली वाघीण मेली असेल तर बछडे दूर गेलेले नसतात. गवतात शिरण्याआधी पगमार्क पाहा, आवाजाचा अंदाज घ्या.

सावध: तिथे माणूसही मेलेला असेल तर आधी पोलीस. त्याच्या मृतदेहाला हात लावायचा नाही, त्याचा पंचनामा त्यांचा.

### वाघ अजून जिवंत असेल तर

हे तारेपेक्षा फाशात जास्त होतं. तुमचं काम एकच, माणसं लांब ठेवणं. बेशुद्ध करण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते आणि डार्ट पशुवैद्यक मारतात. गावातला कोणी ‘मी फासा सोडवतो’ म्हणत पुढे येईल, त्याला अडवा. गर्दी आवरत नसेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून जमावबंदीचा आदेश आणायला आरएफओंना लगेच सांगा. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे.

## टप्पा २: जागा अडवा, खबर द्या

वीज बंद झाल्याची खात्री झाली की दोन कडी आखा. आतलं कडं वाघ, तार आणि आकडा यांच्याभोवती, बाहेरचं गर्दीसाठी. आतल्या कड्यात जायला एकच वाट ठरवा, ती सुतळीने दाखवा, आणि डीएफओंपासून (विभागीय वन अधिकाऱ्यांपासून) वनमजुरापर्यंत सगळे त्याच वाटेने ये-जा करतील. साहेबांना हे सांगायला अवघड वाटतं, पण कोर्टात उभं राहायचं आहे तुम्हाला. आत कोण केव्हा गेला आणि बाहेर आला याची यादी एका वनरक्षकाकडे द्या. त्याने दुसरं काही करायचं नाही.

श्वानपथक येणार असेल तर शेताकडून घराकडे जाणारी पायवाट तशीच राहू द्या. कुत्र्याला माग लागतो तो पहिल्या माणसाचा, पण त्याच वाटेवरून शंभर बघे गेले की काहीच लागत नाही.

खबर क्रमाने द्या: क्षेत्र सहाय्यक, आरएफओ, त्यांच्याकडून एसीएफ (सहाय्यक वनसंरक्षक) आणि डीएफओ किंवा उपसंचालक. पुढे मुख्य वन्यजीव रक्षक आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण, म्हणजे एनटीसीए, यांना कळवणं वरच्यांचं काम. तुम्ही दिलेल्या प्रत्येक फोनची वेळ लिहा.

आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकच फोटो, एकाच वरिष्ठाला. ग्रुपवर गेलेला फोटो अर्ध्या तासात गावात पोचतो. ज्याने तार लावली तोही तो फोटो पाहतो, घरातली उरलेली तार विहिरीत टाकतो आणि नातेवाइकाकडे निघून जातो.

## टप्पा ३: पाहा, मोजा, मग हात लावा

इथे घाई करायची नाही. सगळा खटला पुढच्या दोन तासांच्या कामावर उभा राहतो.

फोटोचा क्रम लांबून जवळ असा ठेवा. आधी चारही दिशांनी शेत, मग वाघ आणि तार एकत्र, मग प्रत्येक वस्तू मोजपट्टी आणि नंबराच्या पुठ्ठ्यासह. वाघाच्या दोन्ही कुशींचे सरळ फोटो हवेत, कारण पट्ट्यांवरून कॅमेरा ट्रॅपच्या नोंदींशी जुळवून तो कोणता वाघ हे ठरतं. फुगलेल्या, चिखलाने माखलेल्या कुशीचे फोटो पट्टे जुळवायला उपयोगी पडत नाहीत, म्हणून पहिल्यांदाच नीट काढा.

मग आकड्यापासून शेवटच्या खुंटीपर्यंत तारेचा माग काढा. लांबी मोजा, खुंट्या मोजा, जोड कुठे आहेत ते नकाशात दाखवा. कच्चा नकाशा हाताने काढलेला चालतो. त्यावर उत्तर दिशा, बांध, विहीर, डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि जवळचं झाड असलं पाहिजे.

तारेचं टोक हा सर्वात दुर्लक्षित पुरावा. आरोपीने पकडीने तार तोडली असेल तर टोकावर त्या पकडीच्या दातांच्या खुणा असतात, आणि ती पकड त्याच्या घरात सापडू शकते. तुम्ही तार काढताना ती टोकं तशीच ठेवा. तोडावीच लागली तर मध्ये तोडा, आणि तुमच्या तोडलेल्या टोकाला वेगळी चिठ्ठी बांधा: ‘पंचांसमक्ष वनरक्षकाने तोडलेले’. गाठी सोडू नका. गाठ बांधायची प्रत्येकाची तऱ्हा असते, आणि त्याच शेताच्या कुंपणाला तशीच गाठ सापडली तर ती बोलकी असते.

बऱ्याचदा तुम्ही पोचेपर्यंत तार गेलेलीच असते. शेतकरी पहाटे येतो, वाघ पाहून घाबरतो, तार गुंडाळून पळतो. मग शोधायचं ते हे: खुंट्या उपटलेली ताजी भोकं, सरळ रेषेत करपलेलं गवत, बाटल्यांच्या काचा, विजेच्या लाईनवर आकडा घासल्याची चमकणारी खूण. ही खूण वर असते, दुर्बीण लावून बघा आणि लाईनमनला दाखवून त्याचा जबाब घ्या. तार कुठे गेली असेल? विहीर, गोठा, तणसाचा ढीग, शेततळं. वाघ ओढून नाल्यात टाकला असेल तर ओढल्याची वाट मिळेल. तिच्यावर केस असतात, ते चिमट्याने उचला.

आता वाघाची तपासणी, हात न लावता. वाघाला नखं १८: पुढच्या प्रत्येक पायाला ५, मागच्या प्रत्येक पायाला ४. सुळे ४. मिशा दोन्ही बाजूंना. काय आहे, काय नाही, एकेक करून मोजा आणि मोजताना व्हिडीओ घ्या. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, वर असलेलं पाचवं नख बहुतेक जण मोजायचं विसरतात. पंचनाम्यात १६ नखं आणि शवविच्छेदनात १८ असं लिहिलं गेलं, की वकिलाला आयतं कोलीत मिळतं. विजेची जळखूण बहुतेक वेळा पायावर, छातीवर किंवा तोंडाशी दिसते. कडा कडक, केस करपलेले.

तपासा: पंजे तोडलेले असतील, नखं-मिशा नसतील, तर हा फक्त पिकासाठी लावलेल्या तारेचा अपघात नाही. अवयव कुठे जाणार होते हा तपास वेगळा चालवावा लागतो. आरएफओंना तेव्हाच सांगा.

## टप्पा ४: पंचनामा आणि जप्ती

पंचनामा जागेवर, वस्तू हलवण्याआधी सुरू करायचा आणि जागेवरच संपवायचा.

पंच निवडताना सगळ्यात मोठी चूक होते ती रोजंदारी वनमजूर किंवा कुटीवरचा स्वयंपाकी यांना धरण्याची. तोच पंच तुमच्या चार खटल्यांत दिसला की त्याची साक्ष मातीमोल. माझ्या मते एक पंच गावचा आणि एक दुसऱ्या खात्याचा घ्यावा. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. गावचा पंच पुढे दबावाखाली फिरू शकतो, सरकारी माणूस सहसा फिरत नाही. दोघांनाही लिहिलेलं वाचून दाखवा. कोरकू किंवा गोंडी बोलणारा पंच असेल तर त्याला त्याच्या भाषेत समजावलं, कोणी समजावलं, हे लिहा.

पंचनाम्यात हटकून राहतात अशा गोष्टी:

- शेताचा गट क्रमांक आणि ७/१२ वरचं नाव. जंगलात असेल तर कक्ष क्रमांक. दोन्हींच्या सीमेवर असेल तर दोन्ही.
- जीपीएस वाचन एकाच पद्धतीत. एका कागदावर अंश-मिनिटं आणि दुसऱ्यावर दशांश असं लिहिलं की नकाशावर दोन वेगळी ठिकाणं निघतात, आणि ती चूक तुमचीच.
- सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ. रिकाम्या जागांवर आडवी रेघ.
- मोहोरेचा ठसा, पंचनाम्याच्या कागदावरच.
- खाडाखोड केली तर तिथे पंचांची सही.

प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत शिवा, लाख लावा, मोहोर उठवा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आतून आणि बाहेरून लावा. झडती आणि जप्तीचं सलग चित्रीकरण करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये पोलिसांच्या झडतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. वनखात्याला ते किती लागू यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, मोबाईल चालू करा. ज्या मोबाईलने चित्रण केलं त्याचं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे कोणाचा फोन, कोणतं मॉडेल, फाईल कुठे ठेवली हे त्याच दिवशी नोंदवा. सहा महिन्यांनी फोन बदललेला असतो.

## टप्पा ५: शवविच्छेदन

एनटीसीएची भूमिका अशी की वाघाचा मृत्यू नैसर्गिक असल्याचं सिद्ध होईपर्यंत ती शिकारच मानायची. म्हणून शवविच्छेदन दिवसाउजेडी, पशुवैद्यकांकडून, एनटीसीएच्या आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या प्रतिनिधींसमोर होतं. सूर्य मावळला तर रात्रभर मृतदेहाला पहारा द्या, सकाळी सुरू करा. जेसीबीच्या दिव्यात उरकून टाकू नका.

कापाकापी डॉक्टरांची. तुम्ही बघायचं ते नमुन्यांच्या बरण्यांकडे, कारण गोंधळ तिथे होतो. जळखुणेची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची तर ती १० टक्के फॉर्मलिनमध्ये जाते. विष तपासायला द्यायचे यकृत, मूत्रपिंड आणि पोटातला ऐवज मिठाच्या संपृक्त द्रावणात, फॉर्मलिनमध्ये कधीच नाही. डीएनएचा तुकडाही फॉर्मलिनमध्ये नाही. सगळ्या बरण्यांत एकच द्रव ओतलेला दिसला तर डॉक्टरांना नम्रपणे पण तिथल्या तिथे विचारा. वीज स्पष्ट दिसत असली तरी विषाचे नमुने पाठवाच. नंतर ‘वाघ आधीच विषाने मेला होता’ असा बचाव येऊ शकतो. छर्रे किंवा गोळीसाठी मेटल डिटेक्टर फिरवून घ्या.

मृतदेह सर्व अवयवांसह जाळायचा आणि राख होईपर्यंत कोणीतरी हलायचं नाही. नखं-सुळे मोजूनच चितेवर जातात, आणि तो आकडा तुमच्या पंचनाम्याशी जुळायला हवा.

## टप्पा ६: पीओआर, संशयित, अटक

पीओआर त्याच दिवशी लिहा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ९ शिकारीचं, ३९ सरकारी मालमत्तेचं, ५१ शिक्षेचं. घटना उद्यानाच्या हद्दीत असेल तर २७ आणि ३५ सुद्धा. वाघ अनुसूची एक मधला, म्हणून शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. किमान कैद ठरलेली असल्यामुळे कलम ५४ खाली तडजोड होत नाही. गावातले पुढारी ‘दंड भरून मिटवू’ म्हणत येतील, त्यांना हे एक वाक्य पुरे.

आरोपी म्हणेल, ‘तार डुकरासाठी लावली होती, वाघासाठी नाही.’ हे त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. त्याला वाटतं आपण सुटलो. पण रानडुक्करही संरक्षित आहे, आणि मारण्याचा प्रयत्नही कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे.

अटकेच्या वेळी:

- अटकेची कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत द्या आणि पोच घ्या. या एका कागदाअभावी अटक बेकायदा ठरते.
- नातेवाइकाला कळवा, कोणाला आणि किती वाजता ते लिहा.
- वैद्यकीय तपासणी करा. हात उगारायचा नाही. मारहाणीची एक खूण निघाली की खटला वाघाचा राहत नाही, तुमचा होतो.
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे. ‘चौकशीसाठी बसवून ठेवलाय’ असा काही प्रकार कायद्यात नाही. बसवलं त्या क्षणापासून घड्याळ सुरू.
- महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक टाळा. अपवाद करायचाच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते.

कबुलीजबाबाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. वनरक्षकाने किंवा आरएफओने लिहून घेतलेला जबाब तपासाला दिशा देतो, तेवढाच. कलम ५०(८) खाली पुरावा नोंदवायचे अधिकार राज्य शासनाने प्राधिकृत केलेल्या एसीएफ किंवा त्यावरील अधिकाऱ्यांना आहेत, आणि ५०(९) प्रमाणे तो पुरावा कोर्टात चालण्यासाठी आरोपीच्या समक्ष नोंदवलेला असावा लागतो. साक्षीदाराचा जबाब आरोपीला बाजूच्या खोलीत बसवून घेतला तर ५०(९) चा फायदा गेला. एसीएफना दुसऱ्या दिवशीच बोलवून घ्या.

आरोपी तार लपवलेली जागा दाखवायला तयार झाला तर आधी त्याचं निवेदन पंचांसमक्ष लिहा, मग सगळ्यांनी निघा, मग जप्ती. तार आधी काढून निवेदन नंतर लिहिलं तर गाडीच्या लॉगबुकावरून ते उघडं पडतं.

त्याचा मोबाईल जप्त केलात तर एअरप्लेन मोडवर टाका आणि पाकिटात सील करा. आतले फोटो चाळत बसू नका. कॉल रेकॉर्ड काढणं सायबर शाखेचं काम.

सावध: आकडा टाकला असेल तर वीजचोरीची तक्रार विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली महावितरणने पोलिसांत द्यायची. ती घ्यायला लावा, पण तिच्यावर विसंबू नका. वन्यजीव कायद्याचा खटला पोलिसांच्या एफआयआरवर उभा राहत नाही. कलम ५५ प्रमाणे प्राधिकृत अधिकाऱ्याने थेट न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. ‘पोलिसांत गुन्हा नोंदवलाय’ म्हणून फाईल मिटवल्याने खटले बुडाले आहेत.

## टप्पा ७: नमुन्यांचा प्रवास

थोडक्यात सांगण्यासारखा टप्पा, पण चुकतो खूप. नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची एक सलग नोंद हवी: तारीख, वेळ, सही, मोहोर शाबूत होती का. रात्रभर बरणी आरएफओंच्या घरच्या फ्रिजमध्ये होती, तर तसंच लिहा. लपवलेलं उघडं पडतं तेव्हाच घात होतो. प्रयोगशाळेला द्यायच्या पत्रात नेमका प्रश्न विचारा. ‘तपासून अहवाल द्यावा’ असं लिहिलं तर उत्तरही तेवढंच मोघम येतं. ‘सदर पकड आणि तारेच्या टोकावरील खुणा जुळतात का?’ असं विचारा.

## टप्पा ८: तक्रार दाखल करणं

आरोपी कोठडीत असेल तर ६० दिवसांचं गणित पहिल्या दिवसापासून भिंतीवर लिहून ठेवा. तक्रार त्याआधी गेली नाही तर आरोपीचा वकील हक्काचा जामीन मागणार. प्रयोगशाळेचा अहवाल येईना म्हणून थांबायचं नाही. तक्रार दाखल करा, अहवाल नंतर जोडण्याची परवानगी मागा.

तक्रारीसोबत हमखास विसरला जाणारा कागद म्हणजे सही करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५५ खाली प्राधिकृत केल्याची शासनाची अधिसूचना. एसीएफना ५०(८) चे अधिकार देणारीही तशीच. या दोन प्रती प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात तयार असाव्यात. ७/१२, उपकेंद्राच्या रजिस्टरची प्रत, लाईनमनचा जबाब, आत-बाहेरची यादी, चित्रीकरणाचं प्रमाणपत्र हे सगळं अनुक्रमांकासह लावा.

आरोपीवर याआधी या कायद्याखाली दोष सिद्ध झालाय का हे शेजारच्या परिक्षेत्रात आणि शेजारच्या राज्यातही विचारा. पेंचचं जंगल मध्य प्रदेशात अर्धं आहे, गोंदियाची हद्द छत्तीसगडला लागते. आधी दोष सिद्ध झालेला असेल तर कलम ५१क प्रमाणे सरकारी वकिलांचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला जामीन मिळत नाही. ही माहिती जामीन अर्जाच्या आदल्या रात्री शोधून सापडत नाही.

साक्षीला जाताना मूळ डायरी सोबत न्या. तोपर्यंत तुमची बदली झालेली असेल, म्हणून पदभार सोडताना प्रत्येक चालू खटल्याच्या पंचनाम्याची, कच्च्या नकाशाची आणि डायरीतल्या त्या पानांची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, आणि समन्स नव्या पत्त्यावर यावा म्हणून तो पत्ता सरकारी वकिलांच्या कार्यालयात लेखी देऊन ठेवा.